मोठ्या पडद्याचे माप घरीच ठरावे

नवरात्र सरून दिवाळीची चाहूल लागली की वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांलगतच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांतून एकच दृश्य दिसू लागते. भिंतभर ओळीने लावलेले पडदे, त्यांवर उमलणारी फुले आणि कोसळणारे धबधबे, आणि समोर आजीपासून नातवापर्यंत उभे असलेले कुटुंब. घरातून निघताना ४३ इंचांचा संच घ्यायचा असे ठरलेले असते. परतताना टेम्पोत ६५ इंचांचे खोके असते. मधल्या तासाभरात काय घडले, ते कोणालाच नीट सांगता येत नाही.

यात नवल वाटावे अशी गोष्ट एकच. हे ग्राहक बहुधा स्वतः व्यापारी असतात. कापडाचा तागा मोजल्यावाचून ते घेत नाहीत आणि धान्याचे पोते काट्यावर चढवल्यावाचून आत येऊ देत नाहीत. सोपाऱ्याच्या प्राचीन बंदराचा वारसा लाभलेल्या या भूमीत मापाशिवाय माल घेणारा व्यापारी सापडणे कठीण. तोच व्यापारी घरासाठी संच घेताना मात्र केवळ डोळ्यांवर विसंबतो, आणि दुकानातील मांडणी तर डोळ्यांनाच भुलविण्यासाठी केलेली असते.

जैन श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे परिग्रहपरिमाणाचे. मर्यादा ज्यांची ठरवावयाची त्या वस्तूंत शास्त्रकारांनी जमीन-घर, सोने-चांदी, धनधान्य यांच्या जोडीला ‘कुप्य’ म्हणजे घरगुती सामानसुमानही गणले आहे. आजचा दूरचित्रवाणी संच याच वर्गात बसतो. परिमाणाचे मर्म असे की ते वस्तू समोर येण्यापूर्वी ठरवावे लागते. वस्तू पाहून ठरविलेल्या मर्यादेला मर्यादा म्हणता येत नाही. संचाच्या खरेदीतही हेच सूत्र उपयोगी पडते. भिंतीचे, डोळ्यांचे, पैशाचे आणि वेळेचे अशी चारही मापे घरीच घ्यावीत आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

लाकडी पेटीपासून भिंतीपर्यंत

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी वसईच्या कौलांवर व गच्च्यांवर उंच अँटेना उभारून त्यांचे तोंड मुंबईच्या दिशेने वळविले जाई. वाऱ्याने अँटेना हलली की एक जण गच्चीवर चढे आणि दुसरा खालून ‘आले, आले’ असे ओरडे. १९८२ मध्ये रंग आले. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा ज्या घरी संच असे ते घर रविवारी सकाळी शेजाऱ्यांनी भरून जाई. तेव्हाचा संच कपाटाएवढा खोल असला तरी त्याचा पडदा बहुधा २० किंवा २१ इंचांचा असे, आणि निवडीचा प्रश्न फारसा उद्भवतच नसे.

आज स्थिती नेमकी उलट झाली आहे. संच पातळ झाला, पडदा भिंतीएवढा झाला आणि निवड अवघड झाली. करही उतरला. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी होता, पण त्याहून मोठ्या संचांना २८ टक्के पडत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे संचही १८ टक्क्यांच्या टप्प्यात आले. मोठ्या पडद्याकडे ओढा वाढण्यास हेही एक कारण झाले.

दिवाणखान्याचे गणित

संचाचा आकार कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णाने मोजतात. यातच पहिली फसगत होते. ५५ इंचांचा पडदा प्रत्यक्षात सुमारे ४८ इंच रुंद व २७ इंच उंच असतो, तर ६५ इंचांचा सुमारे ५७ इंच रुंद व ३२ इंच उंच. आकड्यात फरक दहाचाच दिसतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते. ४३ वरून ५५ वर गेल्यास ते ६० टक्क्यांहून अधिक वाढते.

आता खोलीकडे वळू. वसई-विरारमधील अनेक सदनिकांत दिवाणखाना साधारण १० फूट रुंद व १५ फूट लांब असतो. संच लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकून, अशी मांडणी असली तर बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंत सुमारे साडेसात फूट, म्हणजे ९० इंच अंतर उरते. जाणकारांचा ठोकताळा असा की कर्णाच्या १.६ पट अंतरावरून चित्र सुखाने दिसते. ९० ला १.६ ने भागले की उत्तर ५६ येते. या खोलीला ५५ इंचांचा संच योग्य ठरतो. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असणारे १.२ पटीपर्यंत जवळ बसतात. त्या हिशेबाने ६५ इंचांचा संचही येथे चूक म्हणता येणार नाही. मात्र ज्या घरात दिवसभर बातम्या आणि मालिका चालतात, तेथे मोठा पडदा जवळून पाहताना डोळे व मान दोन्ही शिणतात.

दुसरी बाब चित्राच्या मूळ दर्जाची. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. पण केबलवरून किंवा डीटीएचवरून येणारी साधी एसडी वाहिनी ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांहून कमी बिंदूंचे चित्र पाठविते. उरलेले बिंदू संचाला अंदाजाने भरावे लागतात. घरात ज्या वाहिन्या रोज लागतात त्या एसडी असतील तर पडदा जितका मोठा तितका धूसरपणा अधिक. दुकानात दाखविली जाणारी फुले मात्र ४के दर्जाचीच असतात. म्हणून दुकानदारास रोजच्या पाहण्यातली वाहिनी लावण्यास सांगावे. चांगला दुकानदार त्यास नकार देत नाही.

सर्वांत सोपी चाचणी बिनखर्ची आहे. जुनी वर्तमानपत्रे जोडून ४८ गुणिले २७ इंचांचा कागद भिंतीवर चिकटवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. तो कागद घरातल्यांना खुपतो की सामावून जातो, हे आपोआप कळते. जिना, दरवाजा आणि लिफ्ट यांचेही माप घ्यावे. मोठा संच आडवा टाकून नेता येत नाही, तो उभाच न्यावा लागतो. जुन्या चार मजली इमारतीत तो जिन्याच्या वळणावर अडला तर नामुष्की पदरी येते.

पडद्याचा प्रकार

जाहिरातीतील नावे अनेक असली तरी मूळ प्रकार दोनच. एलईडी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात एलसीडी पडद्यामागे दिव्यांचा प्रकाश असतो. क्यूएलईडी व मिनी एलईडी ही त्याचीच सुधारित रूपे. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाशतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि अंधाऱ्या खोलीत चित्र अप्रतिम भासते.

व्यापारी घराने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळेत शेअर बाजाराची वाहिनी अखंड चालू ठेवण्याची पुष्कळ घरांत रीत आहे. त्या वाहिनीचे बोधचिन्ह आणि तळाशी धावणारी भावांची पट्टी तासन्‌तास एकाच जागी असते. ओएलईडी पडद्यावर अशा स्थिर आकृतीची पुसट छाया कालांतराने कायमची उमटू शकते. अशा घरास एलईडी प्रकारचा संच अधिक निर्धास्त. एलईडीतही दोन जाती आहेत. आयपीएस पडदा बाजूने पाहणाऱ्यालाही नीट दिसतो, तर व्हीए पडद्यात काळेपणा चांगला असला तरी बाजूने रंग फिके दिसतात. आजी खिडकीपाशी, मुले जमिनीवर आणि बाकीचे सोफ्यावर असे कुटुंब पसरून बसत असेल तर आयपीएस उपयुक्त ठरतो.

खोक्यावर किंवा संचाच्या पाठीमागे भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे का, तेही पाहावे. ऊर्जाबचतीचे तारे पाहावेत. वीजवापराचा हिशेब सोपा आहे. संचाची शक्ती १०० वॅट धरली आणि तो रोज चार तास चालला, तर महिन्याला १२ युनिट वीज लागते.

भिंत, पाऊस आणि वीज

वसई-विरारची हवा खारट आणि पाऊस आडवा. पश्चिमेकडच्या बाहेरील भिंती आषाढ-श्रावणात ओल धरतात. अशा भिंतीवर संच टांगल्यास मागील धातूचे भाग व जोडण्या गंजतात. शक्यतो आतील कोरडी भिंत निवडावी आणि संचामागे हवा खेळती राहील एवढी जागा ठेवावी.

भिंत कशाची आहे हे भोक पाडण्यापूर्वीच विचारावे. नव्या उंच इमारतींत हलक्या एएसी ठोकळ्यांच्या भिंती असतात. त्यांत साधा प्लास्टिकचा गुल्ला कालांतराने सैल होतो, म्हणून त्या भिंतींसाठी बनविलेले लांब फास्टनरच वापरावे लागतात. जुन्या इमारतींतील चार इंची विटांच्या भिंतीत वरवरचे प्लॅस्टर जाड आणि वीट ठिसूळ निघू शकते. पंधरा-वीस किलोंचे ओझे बाळाच्या पाळण्यावर किंवा आजीच्या पलंगावर टांगले जाणार नाही, याची काळजी घ्यावी. संच टेबलावर ठेवावयाचा असल्यास त्याच्या दोन पायांतील अंतर आधी मोजावे. जुन्या शोकेसच्या फळीवर ते पुष्कळदा बसत नाहीत.

१० जुलै २०१८ च्या आसपास झालेल्या अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, नालासोपाऱ्याजवळ रेल्वेगाड्या अडकल्या होत्या आणि वीजपुरवठाही बंद ठेवावा लागला होता. तळमजल्यावरील घरांनी त्यावरून धडा घ्यावा. संचाबरोबर त्याचा प्लग आणि सेट-टॉप बॉक्सही उंचावर असावा. आजचे बहुतेक संच १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब सहन करतात, त्यामुळे कमी दाबासाठी स्टॅबिलायझर सहसा लागत नाही. धोका असतो तो अचानक उसळणाऱ्या दाबाचा. त्यासाठी चांगला सर्ज प्रोटेक्टर बसवावा आणि घराचे अर्थिंग वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे. विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवण्याची जुनी सवय आजही उत्तम.

उंचीचा नियम एका वाक्यात सांगता येतो. बसलेल्या माणसाचे डोळे आणि पडद्याचा मध्य एका रेषेत यावेत. ५५ इंचांच्या संचाची खालची कड जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर ठेवली की हे साधते. दिवाणखान्यातच देव्हारा असेल तर संच त्याच्या भिंतीवर किंवा समोर नसावा. आशातना टाळणे हा पहिला हेतू, आणि प्रतिक्रमणास बसलेल्यांचे चित्त विचलित होऊ नये हा दुसरा.

बसविल्यानंतरची जुळवणी

संच घरी आला की माणूस बसविण्यास येण्यापूर्वी खोके फोडू नये. फोडताना भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करावे आणि पडदा अखंड असल्याची खात्री पटल्यावरच सही करावी.

कारखान्यातून संच पुष्कळदा भडक रंगांच्या स्थितीत येतो. लख्ख उजेडाच्या दुकानात नजर खेचण्यासाठी ती स्थिती असते. घरी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ही स्थिती निवडावी. सुरुवातीस चित्र पिवळसर वाटते, दोन दिवसांत डोळे स्थिरावतात. उजेड कमी केला की वीज वाचते आणि डोळ्यांचा ताणही उतरतो. पावसाळ्याच्या संध्याकाळी प्रखर पडद्याकडे झेपावणारे कीटक कमी होतात, म्हणजे जयणाही पाळली जाते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चित्रपट पाहताना बंद ठेवावी.

जुने कार्यक्रम ताणून पडदाभर करू नयेत. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखविले गेले, तेव्हा अनेक घरांत पात्रांचे चेहरे रुंद दिसत होते. मूळ चित्र चारास तीन या प्रमाणातले. ५५ इंचांच्या पडद्यावर ते दोन्ही बाजूंस काळी पट्टी सोडून ४५ इंचांचे दिसते, आणि तसेच पाहणे योग्य. पडदा कोरड्या मऊ कापडानेच पुसावा, त्यावर फवारा मारू नये.

आणखी एक सावधगिरी. स्मार्ट संच आपण काय पाहतो याची नोंद घेऊन ती कंपनीकडे पाठवू शकतो. अमेरिकेत प्रेक्षकांच्या संमतीविना अशी माहिती गोळा केल्याबद्दल ‘व्हिझिओ’ कंपनीला २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले. व्यापारी आपली वही परक्याला दाखवीत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ही परवानगी बंद करावी.

बिल कोणाच्या नावे?

खरा कस येथे लागतो. नालासोपाऱ्यातील एका किराणा व्यापारी कुटुंबाची कल्पना करावी. संच पसंत झाला आहे, करासह किंमत ५९,००० रुपये. गल्ल्यावरचा माणूस सहज विचारतो, ‘शेठ, जीएसटी नंबर टाकू ना?’ मुलगा म्हणतो, ‘बाबा, पेढीच्या नावावर घेऊ. नऊ हजार सुटतील.’ ५०,००० रुपये मूळ किमतीवर १८ टक्क्यांनी ९,००० रुपये कर होतो. आकडा लहान नाही, आणि ‘सगळेच घेतात’ हे वाक्यही तयारच असते.

कायदा स्पष्ट आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७ (५) नुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवरील कराची वजावट मिळत नाही. दिवाणखान्यातील संच हा वैयक्तिक उपभोग आहे. तपासणीत तो उघडकीस आला तर रक्कम व्याजासह परत करावी लागते. संच खरोखर दुकानातच बसविला, ग्राहकांना मालाचे नमुने दाखविण्यासाठी वापरला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो पेढीचाच.

दुसरी अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्यास ‘ग्राहक’ मानले जात नाही. अनेक कंपन्यांची हमीही घरगुती वापरापुरतीच असते. आठ महिन्यांनी पडद्यावर उभी रेघ उमटली, तर एका कागदावर ‘हा धंद्याचा माल’ आणि दुसऱ्या कागदावर ‘मी घरगुती ग्राहक’ असे सांगण्याची वेळ येते. संच स्वतःच्या नावाने घेतला असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते आणि आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागता येते.

तिसरी बाब कायद्याच्याही पलीकडची. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ येतो. राज्याचे नियम डावलून लाभ उठविणे असा त्याचा अर्थ केला जातो. खोटी मापे आणि भेसळही त्याच यादीत आहेत. जो व्यापारी आपल्या काट्याला पारडे मारीत नाही, त्याने बिलालाही मारू नये. पैसे पेढीच्या बँक खात्यातून दिले तरी हरकत नाही, पण नोंद ‘मालकाचे उचल खाते नावे, बँक खाते जमा’ अशीच व्हावी. ही एक ओळ लिहिली की वहीही स्वच्छ राहते आणि मनही. त्या संचासमोर बसून घरातला मुलगा बापाकडून व्यवहार शिकणार असतो. पहिला धडा त्या बिलातच असतो.

बिनव्याजी हप्त्याचे व्याज

‘बिनव्याजी हप्ते’ हा शब्द कानाला गोड लागतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मधील परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. व्याज कोठेतरी दडलेले असते, बहुधा न मिळालेल्या सवलतीत. समजा तोच संच रोखीने ५९,००० रुपयांना आणि हप्त्याने ५,२५० रुपयांच्या १२ हप्त्यांत, म्हणजे ६३,००० रुपयांना मिळतो. ४,००० रुपये जास्त म्हणजे पावणेसात टक्के, असे वरवर वाटते. पण मुद्दल दरमहा फिटत जाते, म्हणून खरा दर वार्षिक सव्वाबारा टक्क्यांच्या घरात जातो. शिवाय प्रक्रिया शुल्क निराळे. दुकानदारास एकच प्रश्न विचारावा, ‘आज पूर्ण रक्कम दिली तर किती घ्याल?’ त्या उत्तरातच व्याज दिसते.

जुना काचेच्या नळीचा संच घरात पडून असेल तर तो भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाऊ देऊ नये. त्याच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो अधिकृत संकलकाकडेच द्यावा.

चौथे माप

भिंत, डोळे व पैसा यांची मापे झाली. वेळेचे माप राहिले. श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रतात टाळावयाच्या गोष्टींत ‘दुःश्रुति’, म्हणजे चित्त मलिन करणाऱ्या कथा ऐकणे, ही गणली आहे. शास्त्रकारांपुढे पडदा नव्हता, पण मनुष्यस्वभाव होता. पर्युषणाचे आठ दिवस किंवा दशलक्षणाचे दहा दिवस संच बंद ठेवण्याची चाल आजही कित्येक घरांत आहे. त्या दिवसांत संध्याकाळ मोकळी मिळते आणि घरातली माणसे एकमेकांशी बोलतात, हे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे.

एका सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. संच रोज चार तास चालत असेल तर तो पाच सामायिकांचा काळ झाला. पाचपैकी एक परत मागून घेणे कोणत्याही घरास अशक्य नाही. आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींचे दर्शन घेऊन आलेल्या आजीने प्रवचन मोठ्या पडद्यावर सुखाने पाहावे, नातवाने क्रिकेट पाहावे, सूनबाईंनी आपली मालिका पाहावी. पण तो बंद करण्याची वेळही त्याच्या आकाराइतक्याच काळजीने, घरातील सर्वांनी मिळून, संच आणण्यापूर्वीच ठरवावी.